बनावट चिप, अस्सल कंपनी आणि मधला ग्राहक

२०१४ च्या ऑक्टोबर महिन्यात जगभरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींना आणि दुरुस्तीची कामे करणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. कालपर्यंत सुरळीत चालणारा आर्डुइनो बोर्ड (हौशी प्रयोगांसाठीचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) किंवा यूएसबी-सीरियल केबल विंडोजच्या संगणकाला जोडली, की संगणक तिला ओळखेनासा होई, आणि तीच केबल दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली तरी तिथेही तिची ओळख पटत नसे. विंडोज अपडेटमधून आपोआप आलेल्या एका नव्या ड्रायव्हरने, म्हणजे उपकरणाशी बोलण्यासाठी संगणकात बसणाऱ्या प्रोग्रॅमने, त्या उपकरणातील चिपचा ओळखक्रमांकच पुसून टाकला होता. हा ड्रायव्हर ग्लासगो येथील एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीचा होता आणि ज्या चिपवर त्याने हा प्रयोग केला, त्या त्याच कंपनीच्या एफटी२३२ या चिपच्या नकला होत्या.

या चिपचे काम तसे साधे आहे. मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधील छोटे संगणक), मोजमापाची उपकरणे, कारखान्यांतील यंत्रे अशा अनेक वस्तू जुन्या सीरियल पद्धतीने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवत बोलतात, तर आजच्या संगणकाला फक्त यूएसबी असते. या दोघांमधील दुभाष्याचे काम एफटी२३२ करते. यूएसबी उपकरण संगणकाला जोडले, की ते प्रथम दोन क्रमांक सांगते: एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. एफटीडीआयचा उत्पादक क्रमांक ०४०३ आणि या चिपचा वस्तुक्रमांक ६००१. हे क्रमांक दिसले, की विंडोज एफटीडीआयने लिहिलेला ड्रायव्हर शोधून बसवते. नक्कल करणाऱ्याला हवे असते ते नेमके हेच. चांगला, वर्षानुवर्षे तपासलेला ड्रायव्हर लिहिणे खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. चिपने फक्त ते दोन क्रमांक सांगितले, की ते सारे कष्ट फुकटात पदरात पडतात.

२०१४ च्याच सुरुवातीला झेप्टोबार्स या गटाने एफटी२३२आरएल या एफटी२३२ च्याच प्रकारातील एका अस्सल आणि एका बनावट चिपचे आवरण आम्लात विरघळवून आतील सिलिकॉनची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली. बाहेरून दिसणारा फरक इतकाच होता, की अस्सल चिपवरील अक्षरे लेसरने कोरलेली होती आणि नकली चिपवरील अक्षरे रंगाने छापलेली होती. आत मात्र दोन्हींचा काही संबंध नव्हता. अस्सल चिपचे सर्किट या एकाच कामासाठी आखलेले, तर नकली चिप म्हणजे एक सर्वसाधारण मायक्रोकंट्रोलर होता, ज्याच्या कायमस्वरूपी स्मृतीत एफटी२३२ सारखे वागण्याचा प्रोग्रॅम कारखान्यातच भरलेला होता. त्या सिलिकॉनवर ‘सुपररिअल’ या शब्दाशी मिळतेजुळते एक नावही कोरलेले आढळले. एखाद्या गल्लीबोळातले हे काम नाही. सिलिकॉन घडवण्याची सोय असल्याशिवाय असे काही करता येत नाही.

बनावट चिपचा हा प्रकार त्यातल्या त्यात बरा म्हणावा, कारण अशी चिप निदान नवी असते आणि चालते. त्याहून घातक प्रकार जुन्या चिप नव्या म्हणून विकण्याचा आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ग्वेईयू हे गाव ई-कचऱ्यासाठी कुप्रसिद्ध झाले. तेथील पद्धत अशी होती, की टाकून दिलेले बोर्ड तापवून सोल्डर वितळवायचे, चिप उपटून धुवायच्या, वरची छपाई घासून काढायची, त्यावर काळा लेप द्यायचा आणि नवी तारीख, कधी अधिक वरच्या दर्जाचा क्रमांक छापायचा. उष्णतेने, पाण्याने आणि स्थिर विद्युतभाराने आधीच जायबंदी झालेली ही चिप पहिल्या चाचणीत पास होते आणि मग केव्हातरी दगा देते. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने मे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ आणि २०१० या दोन वर्षांत संरक्षण पुरवठ्यात संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली होती, आणि त्यांतील सुट्या भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. लढाऊ विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्या यंत्रणांपर्यंत असे भाग पोहोचले होते.

मोठे खरेदीदार यावर तपासणीचा उपाय करतात. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा चिपवर घासला, की हलक्या प्रतीचा काळा लेप सुटून येतो. क्ष-किरणाने आतील सिलिकॉनचा आकार आणि तारांची जोडणी ताडून पाहता येते. आणि शेवटी तीव्र नायट्रिक आम्लाने वरचे आवरण काढून थेट सिलिकॉन पाहता येते, पण त्यात ती चिप अर्थातच कामातून जाते. चिप घडवतानाच तिला ओळख देण्याची कल्पना मला याहून आशादायक वाटते. चिपमधील ‘स्टॅटिक रॅम’ या स्मृतीच्या पेशींना वीज मिळाली, की प्रत्येक पेशी शून्य किंवा एक यांपैकी एका बाजूला झुकते, आणि कोणत्या बाजूला झुकणार हे निर्मितीच्या वेळी राहिलेल्या अतिसूक्ष्म फरकांवर ठरते. हा आकृतिबंध चिपगणिक वेगळा असतो आणि उत्पादकालाही तो हवा तसा घडवता येत नाही, त्यामुळे त्याची नक्कल करणे जवळजवळ अशक्य होते.

पण घाऊक तपासणीचा हा मार्ग दोन-चारशे रुपयांची केबल घेणाऱ्याच्या उपयोगाचा नाही, आणि तिथपर्यंत पोहोचण्याचे एफटीडीआयकडे एकच साधन होते, ते म्हणजे ड्रायव्हर. त्यात वापरलेली युक्ती तांत्रिकदृष्ट्या फारच चतुर होती. चिपमधील स्मृतीत सोळा-सोळा बिटांचे शब्द असतात, पण अस्सल एफटी२३२ ते जोडीजोडीने लिहिते: सम पत्त्यावरचा शब्द ती नुसता धरून ठेवते आणि पुढचा विषम पत्ता लिहिला गेला, तरच दोन्ही पक्के करते. नकली चिप मात्र आलेला प्रत्येक शब्द लगेच लिहून टाकते. ड्रायव्हरने वस्तुक्रमांकाच्या सम पत्त्यावर शून्य लिहिण्याची आज्ञा दिली आणि पडताळणीची बेरीज बिघडू नये म्हणून दुसऱ्या एका सम पत्त्यावर मुद्दाम काढलेली संख्या लिहिली. एकच आज्ञा दोघींना मिळाली; अस्सल चिपवर काहीच घडले नाही आणि नकली चिपचा क्रमांक ६००१ चा शून्य झाला. ड्रायव्हरच्या परवान्यात असे नुकसान होऊ शकते हे लिहिलेले होते, परंतु विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर गुपचूप बसतो, तेव्हा तो परवाना वाचायला मिळतो कोणाला?

नकलांमुळे कंपनीचे नुकसान होते, आपल्या ड्रायव्हरने परक्या चिपला सेवा नाकारणे हा तिचा हक्क आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र सेवा नाकारणे आणि दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूत बदल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या टेबलावर ती केबल होती, त्याने चिप निवडलेली नव्हती. कित्येकदा बोर्ड बनवणाऱ्यालाही मधल्या व्यापाऱ्याने फसवलेले असे. आणि ती केबल एखाद्या वैद्यकीय उपकरणाला किंवा कारखान्यातील नियंत्रकाला जोडलेली नाही, याची खात्री ग्लासगोत बसून कोणी देऊ शकत नव्हते. नकली चिप बनवणाऱ्याला तर त्याचे पैसे कधीच मिळून गेले होते.

जोरदार विरोधानंतर काही दिवसांतच तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून काढण्यात आला आणि यापुढे नकलांना विरोध करू, पण उपकरणात ढवळाढवळ करणार नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये शून्य हा वस्तुक्रमांकही ओळखण्याची सोय त्याच सुमारास झाली, त्यामुळे निकामी ठरलेली उपकरणे तिथे पुन्हा चालू लागली. २०१६ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरने वेगळा मार्ग धरला: नकली चिप आढळली, की सीरियल डेटाच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ हा इंग्रजी मजकूर येऊ लागला. यात चिप शाबूत राहते हे खरे, पण समोरचे यंत्र आज्ञेची वाट पाहत असताना त्याच्याकडे भलताच मजकूर जाणे हेही निर्धोक नाही. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीने आपल्या पीएल२३०३ चिपबाबत नव्या ड्रायव्हरमधून नुसती सेवा थांबवली, आणि त्यात नकलांबरोबर तिच्या स्वतःच्या जुन्या, अस्सल चिपही अडकल्या.

स्वस्त बोर्डांच्या बाजारात बदल घडला तो दुसऱ्याच वाटेने. नानजिंगच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४० ही चिप हेच काम बऱ्याच कमी किमतीत करते, स्वतःचा उत्पादक क्रमांक सांगते आणि स्वतःच्या ड्रायव्हरवर चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अभियांत्रिकीचे विद्यार्थी जे स्वस्त आर्डुइनो नॅनो घेतात, त्यांतील बहुतेकांवर आज हीच चिप असते, आणि तिच्यासाठी कोणाचे नाव चोरावे लागत नाही.