अंगानं भरलेल्या माणसालाही क्षय होतो

‘एवढा धडधाकट माणूस, त्याला कुठला क्षय?’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं आणि ते साफ चुकीचं आहे. गैरसमजाचं मूळ नावातच आहे. क्षय म्हणजे घटत जाणं. सांधे झिजतात, जंगलाचा ऱ्हास होतो, माणूस खंगतो. आणि या खंगण्यावरूनच रोगाला नाव पडलं, कारण खरं कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं: एक जिवाणू.

हा जिवाणू हवेतून पसरतो. कुपोषणानं धोका वाढतो हे खरंच, पण तो मधुमेहानंही वाढतो, आणि मधुमेही माणूस अनेकदा चांगला वजनदार असतो. सुरुवातीला वजन घटेलच असं नाही. कधी नुसता खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री उशी भिजवणारा घाम. कधी फुप्फुसं ठणठणीत आणि मानेत न दुखणारी गाठ, किंवा मणक्यात दुखणं.

उलट, प्रत्येक हडकुळ्या माणसाकडे संशयानं पाहणं हाही अन्यायच. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर अंगकाठी कशीही असो, थुंकी तपासून घ्या.