गिअर हलका ठेवा, पाय चालते ठेवा
(गिअरची सायकल चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

सायकल सर्व्हिसिंगला आली की आम्ही आधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, पाहतो. लहान चक्रांचे दाते झिजून टोकदार झालेले आणि मोठी चक्रं कोरी करकरीत, असं दिसलं की समजायचं, स्वारी कायम जड गिअरवर असते. अशांचीच गुडघ्यांबद्दल तक्रार जास्त असते.

मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात, तो तुमचा कॅडन्स. मोजायला मीटर लागत नाही. उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. आकडा 60 किंवा त्याखाली असेल, तर सपाट रस्त्यावर एक-दोन गिअर हलके करून पाहा. हौशी सायकलस्वाराला 70 ते 90 पुरेसा. शर्यतवाले 90-100 ने मारतात म्हणून तुम्हीही मारायला हवं असं नाही. सीटवर उसळायला लागलात, की गिअर जरुरीपेक्षा हलका झाला.

हलक्या गिअरने वेग कमी होतो, हा गैरसमज. पुढे 36 दात्यांचं चक्र, मागे 18 चं आणि 700 मापाचं चाक असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 4.2 मीटर जाते. 60 च्या कॅडन्सला वेग होतो ताशी 15 किलोमीटर. मागे 24 चं चक्र घेऊन 80 ने पायडल मारा, वेग तोच, पण दर फेऱ्याला लागणारा जोर पाव हिश्शाने कमी. सुरुवातीला दम थोडा जास्त लागेल. मांड्या मात्र शेवटपर्यंत साथ देतात.

चढावर गिअर आधी बदला. पाय अडकल्यावर, सगळं वजन पायडलवर असताना लिव्हर दाबलं की चेन कडकन उडी मारते, कधी उतरतेही. बदलताना पाय फिरता ठेवा, जोर मात्र क्षणभर सोडा. सिग्नलला थांबण्याआधीही दोन गिअर हलके करून घ्या; डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेच्या) सायकलला उभ्या उभ्या गिअर पडत नाही.

पुढे मोठं-मागे मोठं किंवा दोन्हीकडे लहान, अशा जोड्या टाळा. चेन तिरकी पडते, घासते आणि लवकर झिजते.

नव्या सायकलची गिअर केबल सुरुवातीला थोडी सैलावतेच. गिअर टाकूनही चेन टकटक करत राहिली, तर सायकल दाखवायला आणा. बहुतेक वेळा ताण नीट केला की भागतं.