समवर्ती अभियांत्रिकी

समवर्ती अभियांत्रिकी : वस्तूचे डिझाइन आणि ती घडवण्याची, जोडण्याची, तपासण्याची व दुरुस्त करण्याची रीत एकामागून एक न ठरवता, एकाच वेळी परस्परांशी ताडून ठरवण्याची पद्धत. मोटारगाड्या, विमाने यांसारख्या हजारो सुट्या भागांच्या उत्पादनांत ती वापरतात. ‘कन्करंट इंजिनिअरिंग’ हे नाव अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स ॲनॅलिसिसच्या 1988 च्या अहवालामुळे रूढ झाले; जपानी मोटार कारखान्यांत मात्र त्याआधीपासूनच असे काम होत असे.

कामे नुसती शेजारी-शेजारी सुरू केल्याने ही पद्धत साधत नाही. डिझाइनरने अपुरी माहिती लवकर द्यावी लागते आणि त्यातले पक्के काय, बदलण्याजोगे काय, हे तेव्हाच सांगावे लागते. प्लास्टिकच्या भागाचे उदाहरण घ्या. भिंत 2.5 मिमी असेल, तर तिला आधार देणाऱ्या मागच्या उभ्या पट्टीची, म्हणजे रिबची, मुळाशी जाडी साधारण 1.25 ते 1.5 मिमी ठेवतात. ती वाढली, तर तिथला माल उशिरा थंड होऊन आक्रसतो आणि पुढच्या बाजूला खळगा, म्हणजे सिंक मार्क, दिसतो. भागातली रिब म्हणजे साच्यातली खाच. रिब जाड करायची तर साच्याचे पोलाद आणखी कापले की झाले. बारीक करायची तर वेल्डिंगने खाच भरून पुन्हा मशीनिंग करावे लागते. म्हणून शंका असलेल्या मापात टूलरूम, म्हणजे साचे बनवणारा विभाग, मुद्दाम पोलाद जास्त ठेवते. पण शंका कुठे आहे, हे डिझाइनरने सांगितलेच नाही, तर टूलरूमला ते कळणार कसे?

टॉलरन्सचे, म्हणजे मापात चालणाऱ्या कमी-जास्त फरकाचेही तसेच. ±0.2 मिमीचे पाच भाग एका रांगेत बसवले, तर सर्वांत वाईट स्थितीत फरक ±1.0 मिमी होतो; वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने काढल्यास सुमारे ±0.45 मिमी. दुसरा आकडा धरायचा तर प्रत्येक भागाची प्रक्रिया स्थिर आणि ठरलेल्या मापाच्या मध्यावर हवी. तशी ती राहील का, हे उत्पादन विभागच सांगू शकतो. त्याला न विचारता धरलेला ±0.45 शेवटी असेंब्ली लाइनवर कानशीने घासावा लागतो.

बोइंग 777 हे या पद्धतीचे ठळक यश. डिझाइन, उत्पादन, खरेदी, देखभाल यांतील माणसांचे 238 गट होते आणि विमान कंपन्यांचे प्रतिनिधीही चर्चेत बसत. भाग कॅटिया या संगणकीय डिझाइन प्रणालीत त्रिमितीय काढून पडद्यावरच जुळवले; पूर्ण आकाराची प्रतिकृती फक्त नाकाच्या भागाची बांधली. पहिले उड्डाण 12 जून 1994 रोजी झाले. याउलट एअरबस ए380 मध्ये हॅम्बुर्गला कॅटियाची चौथी आवृत्ती, तर तुलूझला पाचवी होती. एका विमानात सुमारे 530 किमी वायर. वळणांचे आणि बदलांचे तपशील दोन्हीकडे सारखे उतरले नाहीत, तयार हार्नेस, म्हणजे वायरींचे बांधलेले जुडगे, जागेवर आखूड पडले आणि विमानांची सुपूर्दगी सुमारे दोन वर्षे लांबली. माणसे एकत्र आणून भागत नाही. सगळ्यांसमोरचे मॉडेलही एकच लागते.

मोटार उद्योगात ही पद्धत एपीक्यूपीच्या, म्हणजे उत्पादनाच्या गुणवत्तेच्या आगाऊ नियोजनाच्या, रूपाने पोहोचली. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनी तिची पुस्तिका 1994 मध्ये काढली. चाकण-भोसरीच्या पुरवठादारांना ती रोजच्या सवयीची आहे. शेवटी पीपीएपीसाठी, म्हणजे ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्यासाठी, खऱ्या साच्यावर, खऱ्या मशीनवर, एरवी काही ठरलेले नसल्यास, किमान 300 सलग नग काढून दाखवावे लागतात. इथे नेहमीची चूक म्हणजे डिझाइन फ्रीज, म्हणजे अंतिम, झाल्यावर पुरवठादाराला ड्रॉइंग देणे आणि एफएमईए, म्हणजे संभाव्य बिघाड व त्यांचे परिणाम यांचा, तक्ता नंतर मागच्या तारखेने भरणे. तोवर पोलाद कापलेले असते. तक्त्यात दिसलेला धोका टाळायला मग फक्त जादा तपासणी उरते. पुरवठादाराचा साचेकारागीर कोटेशनच्या वेळीच मॉडेलसमोर बसवला, तर ड्राफ्ट (भाग साच्यातून सुटावा म्हणून बाजूंना दिलेला उतार) किती अंश, गेट (माल साच्यात शिरण्याची जागा) कुठे, भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचा ठसा कोणत्या बाजूला चालेल, हे पहिल्या बैठकीतच मिटते.