जॉयस्टिक सोडली तरी विमान का वळतं?

फ्लाइट सिम्युलेटरमधे (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या रनवेवरनं टेकऑफ घेतला, वर जाऊन विमान सरळ केलं, जॉयस्टिक सोडली आणि विमान आपलं हळूहळू डावीकडं वळायला लागलं, ही तक्रार नवीन पोरांकडनं सारखी येते. माझा भाचा खानापूरहून फोन करून सांगतो, ‘मामा, मी हातच लावलो नाही, तरी वळूलालंय की!’ मग बहुतेकजण करतात काय, तर सेटिंगमधे जाऊन डेडझोन, म्हणजे स्टिक हलली तरी कॉम्प्युटर लक्ष देत नाही तो मधला भाग, वाढवून टाकतात, दहा टक्के, पंधरा टक्के, आणि वळणं थांबलं की खूश. पण लँडिंगला तेच विमान रनवेसमोर डावं-उजवं करत बसतं, कारण डेडझोननं दोष गेलेला नसतो, फक्त झाकला गेलेला असतो.

आधी स्टिकच्या आत काय चालतं ते बघू. स्वस्तातल्या जॉयस्टिकमधे पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा धातूचा काटा. स्टिक हलली की काटा सरकतो, व्होल्टेज बदलतं, आतली चिप त्या व्होल्टेजचा आकडा करते आणि तो यूएसबीतनं कॉम्प्युटरला जातो. दहा बिटची चिप असेल तर आकडा 0 ते 1023, म्हणजे मधोमध साधारण 512. पट्टीला पाच व्होल्ट असले तर एकेक आकडा जेमतेम पाच मिलिव्होल्टचा झाला. आता आपल्याकडची लाल धूळ आणि पावसाळ्यातली ती चार महिन्यांची ओल आत शिरली, वर पट्टी मधल्या भागात घासून झिजली (स्टिक सगळ्यात जास्त वेळ मधेच असते ना), की हा आकडा हात न लावता थरथरतो किंवा 512 सोडून भलतीकडं जाऊन बसतो. कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही स्टिक जरा डावीकडं धरलीय, आणि तो इमानदारीत विमान वळवतो.

हॉल सेन्सरवाल्या स्टिकमधे घासणारं काही नसतंच. लोहचुंबक हलतो, त्याचं क्षेत्र बदलतं आणि सेन्सरवरचं व्होल्टेज बदलतं. एडविन हॉल यांनी हा परिणाम 1879 मधे शोधला. थ्रस्टमास्टरच्या टी सोळा हजार एमसारख्या स्टिकमधे मुख्य दोन अक्षांना (डावं-उजवं आणि पुढं-मागं) हेच सेन्सर आहेत, त्यामुळं त्या वर्षानुवर्षं टिकतात. पण स्टिक मधे परत आणणारी स्प्रिंग तिथंही असतेच, त्यामुळं सेंटर बघायला लागतंच.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकची टोकं आणि मध्य कॉम्प्युटरला शिकवणं. विंडोजमधे विंडोज की आणि आर दाबायचं, जॉय डॉट सीपीएल टाइप करायचं, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, कॅलिब्रेट. तिथं रॉ डेटा, म्हणजे स्टिककडनं येणारा कच्चा आकडा, दाखवण्याचा एक चौकोन असतो, तो टिक करायचाच, कारण खरी गंमत त्या आकड्यात आहे. विझार्ड सांगेल तसं सेंटर द्या, मग स्टिक चारी टोकांपर्यंत सावकाश फिरवा, कोपरे पण घ्या, घाई नको. यातनं कॉम्प्युटरला तीनच गोष्टी कळतात, हे टोक, ते टोक आणि मधला बिंदू, बाकी सगळं तो त्यावरनं काढतो. काही स्टिक प्लग लावतानाच स्वतःचं सेंटर ठरवतात, म्हणून केबल लावताना स्टिकला हात लावू नये.

यानंतरची एक टेस्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती कुणीच करत नाही. स्टिक पूर्ण डावीकडं न्या, हळूच सैल सोडा, आकडा बघा. समजा 505 आला. आता उजवीकडनं तसंच करा, समजा 519 आला. स्प्रिंग दोन्ही बाजूंनी एकाच जागी परत येत नाही, घर्षणामुळं अलीकडं-पलीकडं थांबते. 512 पासून दोन्हीकडं सात-सात आकडे, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या जवळपास दीड टक्का. तर तुमचा डेडझोन दोन टक्के, बास! बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्याला हे लगेच कळेल, हँडल फिरवलं तरी स्लाइड हलत नाही तो बॅकलॅश, आणि पंधरा टक्के डेडझोन म्हणजे आपल्याच हातानं भरलेला बॅकलॅश. लँडिंगच्या वेळी सगळ्या हालचाली सेंटरच्या आसपासच्या असतात, तिथं स्टिक मेलेली असली की हात जास्त ढकलतो, विमान एकदम उडी घेतं, मग आपण उलटं ढकलतो. पायलट याला पायलट इंड्यूस्ड ऑसिलेशन म्हणतात.

हात जड पडतोय असं वाटत असेल तर डेडझोन नको, कर्व्ह लावा, म्हणजे स्टिक किती हलली की विमानाला किती द्यायचं याचं गणित बदला. अर्धा भाग सरळ आणि अर्धा भाग घनाचा घेतला तर स्टिक 10 टक्के हलवल्यावर विमानाला फक्त 5 टक्के मिळतात, 50 टक्क्यांना 31, आणि पूर्ण ढकलली की पूर्ण 100. म्हणजे मधे नाजूक आणि टोकाला ताकद तशीच. खऱ्या विमानात याची एवढी गरज का पडत नाही, तर तिथली स्टिक लांब असते आणि हवेचा जोर हाताला कळतो, वेग दुप्पट झाला की तो जोर चौपट होतो. आपल्या टेबलावरची स्प्रिंग मात्र 60 नॉटला आणि 120 नॉटला सारखीच. फक्त कर्व्ह एकाच ठिकाणी लावा, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे पण आणि सिम्युलेटरमधे पण लावला तर एकावर एक बसून सगळा अंदाज चुकतो.

मग सांबऱ्याच्या रनवेवर उभं राहून विमान बाहेरनं बघा. स्टिक उजवीकडं केली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) वर, डावं खाली. मागं ओढली की एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलणारी फळी) वर. खरे पायलटही टेकऑफआधी हे तपासतात, आणि अक्ष उलटा लागलाय हे जमिनीवर कळलेलं बरं.

आता रनवे 26 वरनं उडून शहरावरनं राकसकोप जलाशयाकडं निघा. सेसना 172 असेल आणि फुल थ्रॉटलला विमान डावीकडं ओढत असेल तर जॉयस्टिकला दोष देऊ नका, प्रोपेलर आणि इंजिनच्या टॉर्कमुळं एक इंजिनचं विमान चढताना डावीकडं जातंच, त्याला उजवा रडर (शेपटीची उभी हलणारी फळी) द्यायचा असतो. कुणाचा दोष ते कळायला वर जाऊन विमान सरळ करा, थ्रॉटल आयडलला (इंजिनच्या सगळ्यात कमी ताकदीला) आणा, नाक जरा खाली घ्या आणि हात सोडा. ओढ गेली तर ती इंजिनची होती. तरीही एकाच बाजूला कलत राहिलं तर खाली उतरा, कॅलिब्रेशन रीसेट करा आणि रॉ आकडा परत बघा. 512 च्या जवळ येतच नसेल, नाहीतर सारखा उड्या मारत असेल, तर पट्टी झिजलीय, आता सॉफ्टवेअरमधे शोधत बसू नका, पोटेन्शिओमीटर बदलून घ्या.