फॉर्म्युले तसेच ठेवून शीटमधला डेटा पुसणारा मॅक्रो

एकच शीट परत परत वापरायची असते, मांडणी तीच, रंग तेच, बेरजा टक्केवाऱ्यांचे फॉर्म्युले तेच, फक्त मागच्या वेळी भरलेले आकडे नको असतात. ते आकडे हाताने निवडून डिलीट करत बसलं की कुठेतरी एखादा फॉर्म्युला पण सोबत उडतो आणि तो उडाला हे त्याच वेळी कळत नाही, पुढे कधीतरी बेरीज चुकते तेव्हा कळतं. म्हणून हे काम मॅक्रोकडे देतात. मॅक्रो म्हणजे शीटला दिलेल्या सूचनांचा छोटा प्रोग्राम, एक बटण दाबलं की टाइप केलेला डेटा जातो आणि फॉर्म्युले जागेवर राहतात. एक्सेलमध्ये हे मॅक्रो व्हीबीए या भाषेत लिहितात, ती एक्सेलमध्ये १९९३ साली एक्सेल ५ सोबत आली. पण कल्पना त्याहून जुनी आहे. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रो म्हणजे सेलमध्येच लिहून ठेवलेली कळांची मालिका असायची, स्लॅश मग आर मग ई म्हणजे रेंज इरेज, पुढे रेंजचा पत्ता. तेव्हाही प्रश्न हाच होता की कुठली रेंज पुसायची ते आधी माणसानेच नीट ठरवायला लागायचं.

सेलमध्ये दोनपैकी एक गोष्ट असते, फॉर्म्युला किंवा कॉन्स्टंट. बरोबरच्या चिन्हाने सुरू होतो तो फॉर्म्युला, आणि बाकी जे काही टाइप केलंय, आकडा, नाव, तारीख, ट्रू-फॉल्स, ते सगळं कॉन्स्टंट. एक्सेलला हा फरक आधीपासून माहीत असतो आणि तो मॅक्रोशिवाय पण वापरता येतो. रेंज निवडा, एफ५ दाबा, स्पेशल वर जा, कॉन्स्टंट्स निवडा, खाली नंबर्स, टेक्स्ट, लॉजिकल्स, एरर्स अशा चार चौकटी असतात त्यातल्या हव्या तेवढ्या ठेवा, ओके आणि मग डिलीट. ज्याला मॅक्रो लिहायचाय त्याने आधी हे हाताने दोन-तीनदा करून बघावंच, कारण मॅक्रो आत नेमकं हेच करतो आणि काय काय निवडलं जातं ते इथे डोळ्यांना दिसतं.

मॅक्रोमध्ये याच कामाला स्पेशलसेल्स नावाची मेथड, म्हणजे तयार आज्ञा, आहे. रेंज सांगायची, स्पेशलसेल्सला कॉन्स्टंट्स हवेत असं सांगायचं, प्रकार सांगायचा, आणि जे सापडेल त्यावर क्लिअरकन्टेन्ट्स चालवायचं, सगळं मिळून एका ओळीत बसतं. प्रकारांना आत आकडे दिलेले आहेत, नंबर १, टेक्स्ट २, लॉजिकल ४, एरर १६, हवे ते मिळवून द्यायचे, चारही हवे असतील तर २३. क्लिअरकन्टेन्ट्स आणि नुसतं क्लिअर यात मात्र खूप फरक आहे, क्लिअर लिहिलं की रंग, बॉर्डर, नंबर फॉरमॅट, कमेंट सगळंच जातं, आणि डिलीट लिहिलं तर सेलच काढून टाकले जातात, शेजारचे सेल सरकून त्या जागी येतात आणि फॉर्म्युल्यांमध्ये रेफ एरर, म्हणजे ज्या सेलचा पत्ता दिला तो सापडत नाही असा एरर, दिसायला लागतो. या कामाला क्लिअरकन्टेन्ट्सच पाहिजे, त्याने ड्रॉपडाऊन आणि डेटा व्हॅलिडेशन पण टिकतं.

दुसरी पद्धत लूपची. रेंजमधल्या एकेका सेलवर जायचं, हॅजफॉर्म्युला (सेलमध्ये फॉर्म्युला आहे का) फॉल्स आलं तर पुसायचं. हे हळू चालतं, हजारो सेल असले तर स्क्रीन लुकलुकत राहते, पण नवशिक्याला वाचायला सोपं आहे आणि मध्ये अजून अटी घालता येतात, उदाहरणार्थ ठरावीक रंगाचाच सेल पुस. स्पीड हवा तर सुरुवातीला स्क्रीन अपडेटिंग बंद आणि कॅल्क्युलेशन मॅन्युअल करतात, शेवटी परत चालू. शीटला वर्कशीट चेंज इव्हेंट, म्हणजे सेल बदलला की आपोआप चालणारा कोड, लावलेला असेल तर एनेबलइव्हेंट्स पण बंद करायला लागतं नाहीतर प्रत्येक पुसण्याला तो कोड चालतो. यातलं एनेबलइव्हेंट्स परत चालू आणि कॅल्क्युलेशन परत ऑटोमॅटिक करायचं राहिलं, किंवा मध्येच एरर येऊन मॅक्रो थांबला, तर त्या सेशनमध्ये इव्हेंटचा कोड चालत नाही, फॉर्म्युले आपोआप हिशोब करत नाहीत आणि माणसाला वाटतं फॉर्म्युले बिघडले. म्हणून परत चालू करणाऱ्या ओळी एरर आला तरी चालतील अशा ठिकाणी ठेवायच्या.

कॉन्स्टंट म्हणजे डेटा नव्हे

इथे बहुतेक लोक फसतात आणि या विषयात समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट पण हीच आहे. एक्सेलला एवढंच कळतं की सेलमध्ये फॉर्म्युला आहे का नाही, आत जे लिहिलंय ते या वेळचा डेटा आहे की शीटचाच कायमचा भाग आहे हे त्याला कळत नाही. कॉलमची हेडिंगं कॉन्स्टंट आहेत, ओळींची नावं कॉन्स्टंट आहेत, वरच्या कोपऱ्यात लिहिलेला कराचा किंवा व्याजाचा दर पण कॉन्स्टंटच आहे. पूर्ण शीटवर सगळे प्रकार घेऊन मॅक्रो चालवला की फॉर्म्युले खरंच वाचतात, पण शीटला नाव उरत नाही आणि दर गेल्यामुळे सगळी उत्तरं शून्य होतात. मग लोक म्हणतात टेक्स्ट सोडून फक्त नंबर पुसू, त्याने हेडिंगं वाचतात पण हेडिंगमध्ये २०२४, २०२५ अशी वर्षं असतील तर ती जातात. तारखा पण जातात कारण एक्सेल तारीख आत आकडा म्हणूनच ठेवतं, विंडोजवरच्या नेहमीच्या पद्धतीत १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि तिथून पुढे एकेक दिवस मोजत. उलट बाजूने, टेक्स्ट म्हणून साठवलेले आकडे, म्हणजे आधी अपॉस्ट्रॉफी लावून टाइप केलेले किंवा दुसऱ्या सिस्टीममधून चिकटवलेले, हे नंबरमध्ये धरले जात नाहीत आणि मागे राहतात, नव्या डेटात जुने दोन-चार आकडे मिसळतात आणि ते शोधणं फार त्रासाचं असतं.

म्हणून मॅक्रोला पूर्ण शीट कधीच देऊ नये, फक्त भरायची जागा द्यावी. पत्ता थेट कोडमध्ये लिहिला, समजा बी५ ते डी४०, तर आज चालतं, पण शीटमध्ये वर एक ओळ घुसवली की फॉर्म्युले आपले पत्ते सुधारून घेतात, कोडमधला पत्ता मात्र तिथेच राहतो कारण तो नुसता मजकूर आहे. मग मॅक्रो भलतीच जागा पुसतो, डेटाची शेवटची ओळ सुटते आणि खाली सरकून आलेलं हेडिंग जातं. याला उपाय म्हणजे भरायच्या जागेला नाव देणं, नेम बॉक्समध्ये, म्हणजे फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या चौकटीत, समजा भरायचेसेल असं नाव टाकलं आणि कोडमध्ये पण तेच नाव वापरलं की ओळी घुसवल्या काढल्या तरी नाव सोबत सरकतं. फक्त रेंजच्या अगदी खाली, तिच्या बाहेर जोडलेली ओळ त्या नावात आपोआप येत नाही, म्हणून शेवटी एक रिकामी ओळ नावात धरून ठेवतात आणि नव्या ओळी तिच्या वर घुसवतात.

अजून एक चांगला मार्ग लॉकचा आहे. फॉर्मॅट सेल्समध्ये प्रोटेक्शन टॅबवर भरायचे सेल अनलॉक करायचे आणि मॅक्रोला सांगायचं की ज्याचं लॉक्ड फॉल्स आहे तेच पुस. मला ही पद्धत सगळ्यात जास्त पटते, कारण एकाच खुणेवर दोन कामं होतात, शीट प्रोटेक्ट केली की लोकांना फॉर्म्युल्यावर टाइप करता येत नाही आणि पुसताना पण तीच खूण वापरली जाते. फायनान्सच्या शीटमध्ये टाइप केलेले आकडे निळ्या अक्षरात आणि फॉर्म्युले काळ्या अक्षरात ठेवायची पद्धत आहे, एक्सेलच्या सेल स्टाइल्समध्ये इनपुट नावाची तयार स्टाइल पण आहे, त्याने माणसाला दिसतं की कुठे भरायचं. पण रंगावर मॅक्रो बेतू नये असं मला वाटतं, रंग कोणीही कॉपी पेस्ट करताना बदलतो.

अडतं कुठे

पहिली अडचण सगळ्यांना येते. पुसायला काही सापडलंच नाही तर स्पेशलसेल्स रिकामं उत्तर देत नाही, थेट १००४ नंबरचा एरर देतं की सेल सापडले नाहीत, म्हणजे बटण दोनदा दाबलं की दुसऱ्यांदा मॅक्रो फुटतो. यासाठी त्या एका ओळीपुरतं ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट, म्हणजे एरर आला तरी पुढच्या ओळीवर जा ही सूचना, लावतात, लगेच पुढच्या ओळीत ते काढतात, आणि रेंज नथिंग (रिकामी) नाही ना बघून मगच पुसतात. ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट पूर्ण मॅक्रोभर चालू ठेवणारा कोड इंटरनेटवर खूप सापडतो, तो घेऊ नका, त्यात खऱ्या चुका पण लपून जातात.

दुसरी अडचण जास्त धोक्याची आहे. स्पेशलसेल्सला एकच सेल दिला तर ते त्या सेलपुरतं बघत नाही, पूर्ण शीटचा वापरलेला भाग बघतं. म्हणजे नाव दिलेली रेंज काही कारणाने एका सेलची झाली तर मॅक्रो सगळ्या शीटमधले कॉन्स्टंट्स उडवेल, एरर पण येणार नाही. आलेलं उत्तर मूळ रेंजशी इंटरसेक्ट करून, म्हणजे दोन्हींत असलेले सेलच ठेवून, घेतलं की हा धोका जातो, एक ओळ वाढते पण ती टाकाच. एक्सेल २००७ पर्यंत असाच अजून एक दोष होता, सापडलेले सेल ८१९२ पेक्षा जास्त सुट्या तुकड्यांत असले तर स्पेशलसेल्स काही न बोलता दिलेली पूर्ण रेंजच परत द्यायचं, आणि मग फॉर्म्युले वाचवायला लिहिलेला मॅक्रो फॉर्म्युल्यांसकट सगळं पुसायचा. एक्सेल २०१० मध्ये ती मर्यादा गेली.

मर्ज केलेले सेल असले की क्लिअरकन्टेन्ट्स अडतं, कारण मर्ज सेलचा अर्धा भाग पुसता येत नाही, तिथे लूप करून सेलचा मर्जएरिया, म्हणजे पूर्ण मर्ज झालेला भाग, पुसायला लागतो. प्रोटेक्ट केलेल्या शीटवर स्पेशलसेल्स चालत नाही, आधी अनप्रोटेक्ट करून शेवटी परत प्रोटेक्ट करायचं. युझरइंटरफेसओन्ली नावाचा पर्याय आहे ज्याने मॅक्रोला मुभा आणि माणसाला बंदी असं करता येतं, पण फाइल बंद केली की तो विसरला जातो म्हणून फाइल उघडताना दर वेळी लावायला लागतो. फिल्टर लावलेला असेल तर आधी काढा, पुसलं काय आणि राहिलं काय हे डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅक्रोने केलेला बदल एक्सेलमध्ये कंट्रोल झेडने परत येत नाही, उलट त्याआधीची अनडूची यादी पण रिकामी होते. त्यामुळे मॅक्रोच्या सुरुवातीला खरंच पुसायचं का असा मेसेज बॉक्स, त्यात डिफॉल्ट बटण नाही वर, आणि पुसण्याआधी सेव्हकॉपीअ‍ॅज वापरून तारीख वेळ नावात घातलेली एक कॉपी, एवढं हवंच. बटण पण सेव्ह किंवा प्रिंटच्या बटणाशेजारी ठेवू नये.

फाइल कुठली आणि प्रोग्राम कुठला

मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करायला लागते, एक्सएलएसएक्स मध्ये सेव्ह केली तर कोड टाकून दिला जातो, ही विभागणी एक्सेल २००७ पासूनची. ईमेलने किंवा डाउनलोड करून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, कारण मॅक्रोमधून व्हायरस पसरायचा इतिहास मोठा आहे, १९९९ चा मेलिसा वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. आपलीच फाइल दुसऱ्याला पाठवली आणि बटण चालत नाही असं तो म्हणाला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, तिथे ऑफिस स्क्रिप्ट्स वापरतात, कल्पना तीच.

गुगल शीट्समध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्ट आहे. तिथे स्पेशलसेल्ससारखं तयार काही नाही, गेटफॉर्म्युलाज मागवलं की ज्या सेलमध्ये फॉर्म्युला नाही तिथे रिकामी स्ट्रिंग येते, त्या सेलचे पत्ते गोळा करून रेंजलिस्टवर एकदम क्लिअरकन्टेन्ट चालवायचं, एकेक सेल पुसत बसलात तर स्क्रिप्ट फार हळू होते. तिथे व्हर्जन हिस्टरी असल्यामुळे चूक झाली तरी मागे जाता येतं, हा मोठा आधार आहे.

लिबरऑफिस कॅल्कची पद्धत मला सगळ्यात नीट वाटते. तिथे क्लिअरकन्टेन्ट्सला आकडा देतात, नंबर १, तारीख-वेळ २, टेक्स्ट ४, कमेंट ८, फॉर्म्युला १६, म्हणजे ७ दिलं की नंबर तारखा टेक्स्ट जाणार आणि फॉर्म्युले राहणार. तारीख वेगळी धरल्यामुळे वर सांगितलेला तारखांचा घोळ इथे होत नाही, ५ दिलं की तारखा पण वाचतात. मॅक्रो नको असेल तर बॅकस्पेस दाबला की काय काय पुसायचं ते विचारणारी खिडकीच उघडते.

पुसल्यानंतर फॉर्म्युले शून्य दाखवतात किंवा भागाकार असेल तर शून्याने भागल्याचा एरर, ते फॉर्म्युल्यात इफएरर घालून किंवा आधी भाजक रिकामा आहे का तपासून झाकतात. इफएरर सगळीकडे लावणं मला बरोबर वाटत नाही, खरा एरर पण दिसेनासा होतो, भाजक तपासणं चांगलं.

या मॅक्रोचा एक उपयोग फार कमी लोक करतात. घाईत कोणीतरी फॉर्म्युल्याच्या जागी उत्तर टाइप करून ठेवतो, त्या सेलचा फॉर्म्युला गेलेला असतो पण आकडा दिसत राहतो म्हणून कोणाला संशय येत नाही. शीटच्या कॉपीवर फॉर्म्युल्याच्या भागासकट सगळे नंबर कॉन्स्टंट्स पुसून बघा, जिथे फॉर्म्युला असायला हवा होता तो सेल रिकामा पडलेला लगेच दिसतो. पुसायचं नसेल तर पुसण्याऐवजी त्यांना पिवळा रंग द्या, कोडमध्ये शेवटचा शब्दच फक्त बदलतो. मूळ शीटवर पुसायचं बटण पहिल्यांदा लावण्याआधी हे एकदा करावं आणि फॉर्म्युल्याच्या भागात पिवळ्या झालेल्या प्रत्येक सेलमध्ये शेजारच्या ओळीतला फॉर्म्युला परत ओढून घ्यावा.