नळीतलं पाणी आणि दुसरा बेस

सॉफ्टबॉलचा सराव चालला होता. चेंडू जमिनीलगत सरपटत आला. भाची गुडघे वाकवून, ग्लव्ह मातीला टेकवून तयार होती. शेवटच्या क्षणी तो उसळला आणि तिच्या खांद्यावर बसला. सर लांबून ओरडले, "बॉल पे नज़र रखो!" नजर चेंडूवरच होती. कुंपणाबाहेर कट चहा घेऊन उभ्या असलेल्या मला तरी तिचं काही चुकलेलं दिसलं नाही. स्कूटरवरून घरी येताना ती म्हणाली, "मामा, तिथे खड्डा आहे. सगळ्यांना माहितीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं, तर खड्डा कुठेच दिसेना. दुसऱ्या बेसच्या (धावणाऱ्याने गाठायच्या चार खुणांपैकी एक) अलीकडची माती रांगोळी काढावी इतकी नीट झाडलेली. मग दोन फुटी स्टीलची पट्टी आडवी धरली, तेव्हा पट्टीखालून उजेड दिसला. साधारण ४० सेंटीमीटर रुंद आणि मध्यभागी जेमतेम १ सेंटीमीटर खोल अशी बशीच तिथे तयार झाली होती.

एका सेंटीमीटरने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पण काठापासून तळापर्यंत २० सेंटीमीटरांत १ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ३ अंशांचा उतार झाला. चेंडू बशीच्या पलीकडच्या चढावर आपटला, तर आरशावर पडलेल्या किरणाप्रमाणे त्याची परतीची दिशा दुपटीने, ६ अंशांनी, वर सरकते. तिथून खेळाडू ३ मीटरवर असेल, तर चेंडू अपेक्षेपेक्षा ३० सेंटीमीटर उंच येणार. (खरा चेंडू प्रकाशकिरण नव्हे; तो दबतो, गिरक्या घेतो, मातीला घासतो. आकडा थोडा इकडेतिकडे होईल.) ताशी १०० किलोमीटर वेगाचा फटका हे ३ मीटर ०.११ सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहून हात हलायलाच माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. भाचीला ओरडा बसला तो फुकटच.

इंदूरला पिचबद्दल बोलायला सगळ्यांनाच आवडतं. २०२३ मध्ये इथल्या कसोटीच्या खेळपट्टीला आयसीसीने आधी 'खराब' ठरवलं आणि अपिलानंतर शेरा थोडा सौम्य केला, तेव्हा तर पोह्याच्या ठेल्यावरसुद्धा मातीचे तज्ज्ञ भेटत. पण क्रिकेटची खेळपट्टी म्हणजे फार तर ६१ चौरस मीटर. सॉफ्टबॉलमध्ये चार बेस चौकोनाच्या कोपऱ्यांवर असतात, लगतच्या दोहोंमधलं अंतर १८.२९ मीटर, म्हणजे तो चौकोनच सुमारे ३३५ चौरस मीटरांचा, आणि त्यात गवताची काडी नसते. बेसबॉलच्या आतल्या चौकोनात सहसा गवत असतं आणि मधोमध चेंडू टाकणाऱ्या पिचरसाठी १० इंची उंचवटा. सॉफ्टबॉलमध्ये दोन्ही नाहीत. नुसती उघडी माती, आणि चेंडू तिच्यावर कुठेही आपटू शकतो.

"ग्राउंड तर रोज लेव्हल होतं," सर म्हणाले. होत होतं ते असं: तारेच्या जाळीचा एक तुकडा, त्यावर जुना टायर, आणि हे सगळं मोटरसायकलला बांधून मैदानभर फेऱ्या. अमेरिकेतल्या मैदानांवर हेच काम पोलादी विणीच्या जाळीने करतात, तिला ड्रॅग मॅट म्हणतात. जाळी वाईट नाही. बुटांच्या खुणा ती पुसते, ढेकळं फोडते. पण ती लवचीक असते, बशीत बशीसारखी बसते आणि उंचवट्यावर उंचवट्यासारखी. जमीन कशी असावी हे ती जमिनीलाच विचारते, आणि जमीन आपली चूक तिला जशीच्या तशी सांगते. वरून मैदान देखणं होतं, आतला खोलगटपणा शाबूत राहतो.

यावर उतारा शेतकऱ्याकडे कधीचाच आहे. पेरणीआधी बैलांमागे फिरणारी लाकडी फळी ताठ असते. ताठ फळी दोन उंच जागांवर टेकते, त्यांचे माथे खरवडते आणि निघालेली माती मधल्या खळग्यात सोडते. तिला कळतात ते तिच्या लांबीपेक्षा आखूड चढउतार. दोन मीटरच्या फळीला ४० सेंटीमीटरची बशी लगेच सापडेल, पण दहा मीटरवर पसरलेला मंद खोलवा सापडणार नाही, कारण त्यात ती अख्खीच उतरते. सॉफ्टबॉलच्या मैदानांवर ओढायचा लेव्हलिंग बार म्हणजे या फळीचाच लोखंडी भाऊ. जमीन कडक असेल तर त्याआधी खिळे ठोकलेली फळी फिरवून वरचा थर मोकळा करतात, नाहीतर बार नुसताच घसरत जातो.

मोटरसायकलचं दुखणं वेगळं होतं. ती चालवणारा मुलगा उत्साही. कोपऱ्यांत मातीवर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा उठल्या होत्या. कच्च्या रस्त्यावर दात वाजवणाऱ्या लाटा उठतात, त्याच या. २००७ मध्ये टोरांटो, केंब्रिज आणि लिऑं इथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळू पसरलेल्या गोल फिरत्या मंचावर एक चाक टेकवून या लाटा प्रयोगशाळेत उठवल्या. ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहते. वेग वाढला की लहानशा खड्याशी चाक किंचित उडतं, पुढे आपटतं, आपटल्याजागी खळगा करतं आणि त्यातून पुन्हा उडतं. स्प्रिंगचीही गरज लागत नाही. पुढच्या प्रयोगांत चाकाऐवजी नुसतं तिरकं पातं लावलं, तरी लाटा आल्याच. म्हणून जाळी चालीच्या वेगाने ओढायची. हे त्या मुलाला समजावणं मात्र भौतिकशास्त्रापेक्षा अवघड गेलं.

शेवटी आमच्या घराचं काम करणाऱ्या मिस्त्रींना एका रविवारी पहाटे मैदानावर आणलं. त्यांनी खिशातून ना फळी काढली, ना पाणसळ. पिशवीतून पारदर्शक प्लास्टिकची पंधरा मीटर नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, आणि बुडबुडे जाईपर्यंत टिचक्या मारत बसले. एक टोक मैदानाच्या मध्याशी रोवलेल्या काठीला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "भिया, आँख से नहीं, पानी से देखो."

नळी मधे कशीही वळवळू दे, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीत थांबतं, कारण थोडाही फरक असेल तर उंच बाजूचा दाब पाण्याला पलीकडे ढकलतो. फरक उरत नाही तेव्हाच पाणी थांबतं. बुडबुडा मात्र चालत नाही. तो जितकी जागा व्यापतो तितकं पाण्याचं वजन कमी पडतं. उन्हाचंही तसंच. पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की सुमारे ०.७ टक्क्याने हलकं होतं. एक मीटर उभी नळी उन्हात आणि दुसरी सावलीत असेल, तर ७ मिलिमीटरची चूक तिथेच झाली. पहाटे यायचा आग्रह मिस्त्रींचा होता; त्याचं कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही.

काठीवर आणि प्रत्येक बेसवर पाण्याची उंची मोजली. दुसरा बेस बाकीच्यांपेक्षा ४ सेंटीमीटर खाली निघाला. धावणाऱ्या मुली घसरत येतात त्या तिथेच. वर्षानुवर्षं माती बुटांबरोबर बाहेर जात होती. माझी बशी म्हणजे त्या मोठ्या खोलव्याच्या काठावरचं एक पिल्लू होतं.

शेतात अलीकडे ट्रॅक्टरमागे दिसणारा लेझर लेव्हलर हेच करतो, फक्त फार चपळाईने. तिवईवरचं यंत्र मिनिटाला शेकडो वेळा फिरत हवेत लेझरचं एक अदृश्य पठार अंथरतं. ट्रॅक्टरमागच्या, माती खरवडणाऱ्या बादलीवरच्या खांबावर तो किरण टिपणारा ग्राहक (रिसीव्हर) असतो. किरण त्याच्या मध्याखाली लागला की हायड्रॉलिक झडप बादली उतरवते, वर लागला की उचलते. तिवईवरचं यंत्र स्वतःची पातळी ठरवतं ती गुरुत्वाकर्षणावरूनच, मिस्त्रींच्या पाण्याप्रमाणे. फरक एवढाच की लेझर सरळ जातो आणि पाण्याची पातळी पृथ्वीच्या गोलाईने वाकते. तो फरक १०० मीटरवर ०.८ मिलिमीटर येतो, आमच्या १८ मीटरवर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मिस्त्रींना हे सांगितलं, त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं.

गंमत म्हणजे मैदान पाण्याच्या पातळीला समांतर नकोच असतं. सपाट हवं, पण कललेलं. अर्ध्या टक्क्याचा उतार दिला, तर १८ मीटरवर ९ सेंटीमीटर पडतात. डोळ्यांना कळत नाही, चेंडूला जाणवत नाही, पण पाणी वाहून जातं. इंदूरला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा उतार हवाच.

आणि खाली मालव्याची काळी माती. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली, गव्हाला सोन्यासारखी, खेळाला वैरीण. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापडासारखे पातळ थरांचे असतात. पाणी थरांमध्ये शिरतं आणि माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कितीही नीट लेव्हल करा, वर्षभरात ती स्वतःच हलते. चांगल्या इनफील्डच्या, म्हणजे बेसमधल्या आतल्या मैदानाच्या, मातीत साठ-सत्तर टक्के वाळू असते, उरलेल्यात गाळ आणि चिकणमाती, तीही बांधून ठेवण्यापुरती. आमच्या मैदानाची मूठभर माती बाटलीत घालून हलवली: वाळू मिनिटभरात तळाशी, तीही बोटभर नाही, गाळ दुपारपर्यंत, आणि चिकणमातीने दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखं ठेवलं.

नर्मदेची वाळू आणि पिवळी माती चाळून मिसळली. आधी खोलवा दाताळ्याने उकरला, नाहीतर नवा थर पोपड्यासारखा सुटतो. मग दोन-दोन सेंटीमीटरचे थर, पाण्याचा शिडकावा, धुम्मस. तीन मीटर रुंदीच्या त्या जागेत सोळा घमेली गेली. दिसायला काहीच फरक पडला नाही. सरांनी विचारलंही, "हुआ क्या?"

जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी भाचीला सोडायला गेलो तर दुसऱ्या बेसपाशी पाण्याचा टिपूस नव्हता. तळं साचलं होतं तिसऱ्या बेसच्या मागे, फाटकापाशी, जिथे जाळीची रोजची फेरी सुरू व्हायची आणि माती उचलली जायची. तिथे आम्ही मोजलंच नव्हतं. नळी पंधरा मीटरचीच होती.