डीआर स्टोरेजवर काम सुरू केलंय? मग मेन परत आल्यावर रीसिंक दाबण्याआधी हे वाचा

(दोन ठिकाणी स्टोरेज असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी : जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, पतसंस्था, हॉस्पिटल, कॉलेज)

मेन म्हणजे रोजच्या कामाचं स्टोरेज, डीआर म्हणजे ते बंद पडलं तर वापरायचं दुसऱ्या ठिकाणचं स्टोरेज, आणि रीसिंक म्हणजे दोन्ही पुन्हा जुळवण्याचं बटण. सीझन सुरू झाला की आम्हाला एकाच प्रकारचे फोन येतात. "मेन बंद पडलं होतं, आम्ही डीआर चालू करून काम निभावलं. आता मेन आलंय, रीसिंक केलं, तर दुपारच्या पावत्या दिसत नाहीत." या फोननंतर पुढचे दोन-तीन दिवस आमचे आणि तुमचे दोघांचेही जातात, आणि तरी सगळं परत येईलच असं नाही. म्हणून हे पत्रक.

रेप्लिकेशन (मेनवरचे बदल डीआरवर पाठवत राहणं) कसं चालतं, लॅगचा (डीआर मेनच्या किती मागे आहे त्याचा) आकडा कुठे दिसतो, डीआरवरचं व्हॉल्यूम (डेटाचा कप्पा) एरवी रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, का असतं, हे बसवताना आपण बोललो आहोत. ते परत सांगत नाही. इथे फक्त मेन परत आल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल.

एक उदाहरण घेऊ. समजा कारखाना हिंगणघाट रोडला, डीआर वर्ध्याच्या ऑफिसात. दर १५ मिनिटांनी बदल तिकडे जातात. सकाळी ११ वाजता शेवटचा फेरा नीट गेला, तेव्हा वजनकाट्यावर पावती क्रमांक २१४० झाली होती. ११ वाजून ५ मिनिटांनी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. काटा मात्र चालूच, कारण मेन स्टोरेज कारखान्यातच आहे. १२ वाजता व्होल्टेज वर-खाली होऊन मेन बंद. तोवर २१६२ पर्यंत पावत्या झालेल्या. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, कास्तकार पट्टी मागतोय. साडेबाराला कोणीतरी वर्ध्याला फोन करतो, डीआर लिहिण्यासाठी उघडलं जातं, काट्याचा कॉम्प्युटर मोबाइलच्या नेटवर त्याला जोडला जातो, आणि काम पुन्हा सुरू होतं. इथपर्यंत सगळं बरोबर. त्यासाठीच डीआर घेतलंय.

आता नीट बघा. डीआरला २१४० पर्यंतच माहिती आहे. त्यामुळे तिथली पहिली पावती २१४१ ची निघते. मेनवरही २१४१ आहे, पण ती दुसऱ्याच कास्तकाराची. २१४१ ते २१६२ या २२ पावत्या एकट्या मेनवर आहेत, आणि दुपारनंतरच्या सगळ्या एकट्या डीआरवर. म्हणजे संध्याकाळी मेन उठतं तेव्हा दोन्हीकडे असं काही आहे जे समोरच्याकडे नाही.

रीसिंक या दोघांची बेरीज करत नाही. बहुतेक ग्राहकांचा समज तोच असतो, आणि सगळं नुकसान त्या समजापायी होतं. रीसिंक एवढंच करतं : दोन्हीकडे सारखा असलेला शेवटचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी डेटा जसा होता त्याची नोंद, शोधतं (इथे ११ वाजताचा), डेस्टिनेशनला (ज्याच्यावर बदल आणायचे त्याला) तिथपर्यंत मागे नेतं, आणि मग सोर्सवरचे (जिथून आणायचे तिथले) बदल त्याच्यावर आणतं. डेस्टिनेशनवर ११ नंतर जे काही लिहिलं गेलं, ते पुसलं जातं. मेनकडून डीआरकडे रीसिंक दाबलं तर दुपार गेली. डीआरकडून मेनकडे दाबलं तर सकाळच्या २२ पावत्या गेल्या. दोन्ही दिशा काहीतरी घेऊनच जातात. फरक एवढाच, की काय जाणार हे आधी माहीत असेल तर ते आधी काढून ठेवता येतं.

नेटॲप कंपनीच्या स्टोरेजवर रीसिंक करताना अमुक स्नॅपशॉटनंतरचा सगळा डेटा डिलीट होईल अशी इशाऱ्याची ओळ येते आणि हो की नाही विचारलं जातं. ती ओळ इंग्रजीत असते, संध्याकाळचे सात वाजलेले असतात, माणूस दिवसभराचा दमलेला असतो, आणि वाय (हो) दाबलं जातं. बाकी कंपन्यांच्या स्टोरेजवर बटणाचं नाव वेगळं असेल, काम हेच.

काही ग्राहक हुशारीने आधी हाताने एक स्नॅपशॉट काढून ठेवतात. सवय चांगली आहे, पण इथे ती वाचवत नाही. डेस्टिनेशन मागे नेताना त्या सामायिक स्नॅपशॉटनंतरचे त्याच व्हॉल्यूमवरचे स्नॅपशॉटही जातात. वाचते ती वेगळ्या व्हॉल्यूमवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढलेली पूर्ण कॉपी.

तर मेन परत आल्यावर काय करायचं? सगळ्यात आधी, मेनला कोणालाही लिहू देऊ नका. शेअर (नेटवर्कवरून उघडणारं फोल्डर) बंद करा, जमत नसेल तर काट्याकडे आणि ऑफिसकडे जाणारी लॅनची वायर काढा. मॅनेजमेंटची, म्हणजे स्टोरेज सांभाळण्यासाठीची, वायर राहू द्या. हे सांगायचं कारण, काट्यावरच्या माणसाला डीआर माहीत असतं, अकाउंटच्या कॉम्प्युटरला कोणी काही सांगितलेलं नसतं. तो मेनला जोडलेलाच असतो, आणि मेन उठल्याबरोबर तिथे व्हाउचर टाकायला लागतो. मग गुंता दुप्पट.

त्यानंतर आम्हाला फोन करा. काम डीआरवर चालूच ठेवा, ते थांबवायची गरज नाही. आम्ही मेनवरची कॉपी वेगळ्या डिस्कवर घेतो, त्यातून अडकलेल्या पावत्यांची यादी काढून तुमच्या मुनीमजींना देतो, आणि तुम्ही ती काट्याच्या कागदांशी ताडून पाहिल्यावरच डीआरकडून मेनकडे रीसिंक लावतो. मेन बरोबरीला आलं की रात्री काटा बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं सगळं थांबवून, शेवटचा फेरा पूर्ण करून, काम मेनवर आणतो आणि दिशा पहिल्यासारखी करतो. यादीतल्या पावत्या नव्या क्रमांकाने पुन्हा चढवायच्या असतात, ते तुमच्याच माणसाने करावं, कारण कोणत्या गाडीचं वजन कोणाच्या नावावर हे आम्ही ठरवू शकत नाही.

क्रमांकाचा घोळ टाळायचा सोपा उपाय आहे. डीआरवर काम सुरू करताना पावतीची मालिकाच वेगळी ठेवायची, म्हणजे क्रमांकापुढे 'डी' लावायचा. तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असेल तर आम्ही भेटीच्या वेळी लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बरेच जण विचारतात, स्टोरेज आमचं, मग रीसिंकचा अधिकार तुमच्याकडेच का? डीआर उघडण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, तो आम्ही कधीच अडवलेला नाही. गाड्या उभ्या असताना तुम्हाला आमची वाट पाहायला लागू नये. पण उघडण्याने काही पुसलं जात नाही, रीसिंकने जातं. म्हणून ते बटण आम्ही वेगळ्या लॉगिनमध्ये ठेवतो आणि तुमच्याकडच्या एका जबाबदार माणसाचा फोनवर होकार घेतल्याशिवाय स्वतःही दाबत नाही. पासवर्डचं बंद पाकीट मालकांच्या कपाटात आहेच. गरज पडली तर फोडा, फक्त आधी एक फोन करा.

दुसरा प्रश्न : सिंक्रोनस का नाही लावत, म्हणजे एकही पावती मागे राहणार नाही? अंतराची अडचण नाही. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, हिंगणघाट-वर्धा त्याला काहीच नाही. अडचण लाइनची आहे. सिंक्रोनसमध्ये मेनवरची प्रत्येक नोंद डीआरकडून पोच येईपर्यंत थांबते. लाइन तुटली की एक तर काटा थांबेल, नाही तर सिंक तुटून तुम्ही पुन्हा इथेच याल. आपल्याकडे एकाच फायबरवर सिंक्रोनस विकणं आम्हाला पटत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रस्त्याने येणाऱ्या लाइन घेणार असाल तर जरूर बोलू. हॉस्पिटल आणि पतसंस्थांनी तर विचार करावाच.

जागा भरली म्हणून रेप्लिकेशनचे स्नॅपशॉट हाताने उडवू नका. दोन्हीकडचा सामायिक स्नॅपशॉट गेला की सगळा डेटा पहिल्यापासून पाठवावा लागतो. २० एमबीपीएसच्या अपलोडवर १ टीबीला, लाइन एकदाही न तुटता, साडेचार दिवसांहून जास्त लागतात. म्हणूनच सुरुवातीला आम्ही डीआरची पेटी कारखान्यात आणून भरतो आणि मग गाडीने नेतो. राउटर बदलला तरी कळवा. नेटॲपचं रेप्लिकेशन १११०४ आणि १११०५ या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकाच्या वाटांवर) चालतं, नवा राउटर ती बंद ठेवतो, आणि लॅग वाढत जातो तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नाही. मेनवर कोणी फोल्डर उडवलं, किंवा व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर १५ मिनिटांत डीआरवरही तेच. त्यासाठी लॉक केलेले (पुसता न येणारे) स्नॅपशॉट आणि वेगळा बॅकअप लागतो. ज्यांनी घेतलेला नाही त्यांच्यासाठी दर वेगळे पाठवतो.

दरवर्षी पोळा झाल्यावर, नवा कापूस येण्याआधी, आम्ही सराव करून देतो : मेन मुद्दाम बंद करायचं, तुमच्याच माणसांनी डीआर उघडायचं, चार खोट्या पावत्या फाडायच्या आणि परत यायचं. अर्धा दिवस लागतो. वार्षिक देखभाल घेतलेल्यांना यासाठी काही द्यावं लागत नाही, बाकींना फक्त भेटीचा आकार. दसऱ्यानंतर आम्हाला तारीख देता येत नाही, तेव्हा ऑगस्टमध्येच सांगून ठेवा, आणि त्या दिवशी अकाउंटच्या माणसालाही हजर ठेवा.